डोलकाठीला बांधलेला दोर

अठराव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेले गंगेचे एखादे चित्र पाहायला मिळाले, तर त्यातले देऊळ आणि पिंपळ जरा बाजूला ठेवावेत आणि आधी नावेची डोलकाठी शोधावी. शीड उतरवलेले असेल आणि नाव प्रवाहाच्या उलट तोंड करून असेल, तर डोलकाठीच्या शेंड्यापासून काठापर्यंत गेलेली एक केसाएवढी रेघ कधी कधी सापडते. ही रेघ म्हणजे दोर. त्याच्या दुसऱ्या टोकाला, काठावर, एकामागे एक वाकलेली माणसे असतात. चित्रकाराने आकाशाला अर्धा कागद दिलेला असतो, घाटाच्या पायऱ्यांवर ऊन खेळवलेले असते, आणि ज्यांच्या पायांवर त्याची स्वतःची नाव कोलकात्याहून काशीपर्यंत सरकत आली, त्या माणसांना कुंचल्याचे चारदोन ठिपके पुरतील असे त्याने ठरवलेले असते.

गंगेच्या आणि बंगालच्या नद्यांच्या चित्रांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. ते बहुतेक वास्तूंच्या अंगाने, इंग्रजी निसर्गचित्रणाच्या परंपरेच्या अंगाने. या प्रकरणात ती चित्रे नावेच्या अंगाने बघायची आहेत. कुठल्या चित्रकाराला नाव कळली होती आणि कुणाला ती फक्त नदीची रिकामी जागा भरायला हवी होती, हे एकदा दिसू लागले की या चित्रांची नेहमीची प्रतवारी बरीच उलटीपालटी होते.

आधी तो दोर. बंगालमध्ये त्याला ‘गुण’ म्हणतात आणि ओढण्याच्या कामाला ‘गुण टाना’. दोर नावेच्या नाळेला न बांधता डोलकाठीच्या शेंड्याला बांधत, कारण काठ उंचसखल असे, त्यावर झुडपे असत, आणि वाटेत दुसऱ्या नावा नांगरलेल्या असत. उंचावरून आलेला दोर या सगळ्यांवरून जातो. ओढणारे काठावर असल्याने नाव सारखी काठाकडे खेचली जाते. ती ओढ मोडण्यासाठी मागे सुकाणू धरून बसलेल्या मांझीला सुकाणू सतत पाण्याच्या बाजूला दाबून ठेवावे लागते. ओढणाऱ्यांना ‘दांडी’ म्हणत. वल्ही मारणारे आणि दोर ओढणारे तेच. प्रत्येकाकडे बांबूचा एक आखूड तुकडा असे. त्याची दोरी मुख्य दोराला अडकवायची आणि बांबू खांद्यावर आडवा घेऊन चालायचे. वाट काठाची, आणि बंगालच्या नद्यांचा काठ पावसाळ्यात ढासळतो. कुठे चिखल, कुठे ओढा आडवा. ओढा आला की पोहून पलीकडे.

हे काम किती मोठ्या प्रमाणावर चाले, याचा अंदाज जेम्स रेनेलच्या लेखनातून येतो. रेनेलने १७६४ पासून पुढची तेरा वर्षे बंगालच्या नद्या मोजल्या आणि त्यातून ‘बेंगाल अ‍ॅटलास’ सिद्ध केला. बंगालच्या अंतर्गत जलवाहतुकीवर तीस हजार नावाडी कायम कामाला असावेत, असे त्याने १७८१ मध्ये लिहिले. गंगेचा वेग कोरड्या ऋतूत तासाला तीन मैलांहून कमी आणि पावसाळ्यात पाच-सहा मैल, हीही त्याचीच नोंद. मोठी नाव दोराने प्रवाहाविरुद्ध ओढत नेली तर दिवसाला सतरा ते वीस मैल होत. कोलकात्याहून काशी गाठायला दोन-अडीच महिने लागत ते यामुळे.

शिडाचा उपयोग नव्हता असे नाही. पावसाळ्यात गंगेच्या खोऱ्यात पूर्वेकडून वारा चढतो आणि तो नावेला प्रवाहाविरुद्ध वर ढकलतो. पुराचे पाणी खाली लोटते आणि वारा वर नेतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये शीड भरून वर जाणाऱ्या नावांचे तांडे दिसत. पण या नावांची शिडे चौकोनी, जाड्याभरड्या कापडाची किंवा तागाची, बांबूवर आडवी ताणलेली. मागून वारा असेल तर उत्तम चालत. वारा तिरका झाला की नाव बाजूला घसरू लागे, कारण तळ सपाट आणि खाली पाण्याला धरून ठेवणारा कणा नाही. तळ सपाट ठेवण्याला पर्यायही नव्हता. नदीत वाळूचे पट्टे दरवर्षी जागा बदलतात. कणा असलेली नाव पहिल्याच पट्ट्यावर रुतून बसली असती. म्हणजे वारा नसला किंवा तिरका असला की पुन्हा दोर. कोकणच्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. समुद्रावरच्या पडाव-मचव्यांचे तिरके शीड वाऱ्याला बऱ्याच बाजूंनी झेलते, शिवाय खाली खोल पाणी असते. नदीची नाव हे निराळेच यंत्र आहे.

आणि हे यंत्र मागे काही ठेवत नाही. लाकूड, बांबू, तागाची दोरी, गवताचे छप्पर, थोडे लोखंडाचे खिळे आणि पाती. नाव जुनी झाली की फळ्या काढून नव्या नावेत किंवा चुलीत जातात. किल्ल्याचे निदान जोते राहते. १७९० साली गंगेकाठच्या राजमहाल गावाखालून गेलेल्या मालवाहू नावेचे काहीही उरलेले नाही. जुन्या बांधणीची मोजमापे कारागिरांच्या हातात होती, कागदावर नव्हती. त्यामुळे चित्र हाच पुरावा ठरतो आणि तो पुरावा कितपत विश्वासाचा, हे तपासणे भाग पडते.

विल्यम हॉजेस हा या वाटेवरचा पहिला नावाजलेला युरोपीय निसर्गचित्रकार. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत, १७७२ ते १७७५, तो प्रशांत महासागरात फिरला होता आणि ताहितीच्या युद्धनौकांच्या ताफ्याचे त्याचे भव्य चित्र प्रसिद्ध आहे. तो १७८० मध्ये मद्रासला उतरला, पुढच्या वर्षी बंगालमध्ये आला आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जबरोबर गंगेतून काशीला गेला. तिथे काशीचा राजा चेतसिंग याचा उठाव झाला, हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला, आणि हॉजेसलाही. एवढ्या धामधुमीत त्याने रेखाटने केली. समुद्र आणि बोटी इतक्या जवळून पाहिलेला माणूस, तेव्हा गंगेवरच्या नावा त्याने बारकाईने उतरवल्या असतील अशी अपेक्षा असते. पण त्याला रस होता प्रकाशात. दमट हवेत दूरचा काठ कसा विरतो, ढगाखाली पाणी कसे काळवंडते, हे त्याच्याइतके ताजे आधी कुणी पकडले नव्हते. त्याच्या नावा मात्र रंगाच्या एका फटकाऱ्यात येतात. छान दिसतात, पण त्यांच्यात बसून नदी ओलांडावी असे वाटत नाही.

डॅनियल काका-पुतण्यांची गोष्ट वेगळी. थॉमस डॅनियल आणि त्याचा तरुण पुतण्या विल्यम १७८६ मध्ये कोलकात्याला पोहोचले. १७८८ च्या सप्टेंबरात ते गंगेतून वर निघाले, पुढे थेट गढवालातल्या श्रीनगरपर्यंत गेले, आणि १७९१ मध्ये परतले. विल्यमची रोजनिशी उपलब्ध आहे. हॉजेसची चित्रे बरोबर ठेवून जागेवर ताडून बघायची आणि त्याच्या चुका काढायच्या हा दोघांचा उद्योग होता. व्यवसायबंधूंमध्ये असे चालतेच. इंग्लंडला परतल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी ‘ओरिएंटल सीनरी’ हा १४४ चित्रांचा संच काढला. भारताचे चित्र युरोपच्या मनात जे ठसले ते बरेचसे या संचामुळे.

त्यांच्या अचूकपणामागे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे कॅमेरा ऑब्स्क्युरा: काळोख्या पेटीत भिंगातून आलेली समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर पडते आणि ती पेन्सिलीने गिरवता येते. दुसरी म्हणजे अ‍ॅक्वाटिंट ही छपाईची रीत. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी बसवायची, पत्रा तापवून ती चिकटवायची आणि मग आम्लात बुडवायचा. आम्ल कणांच्या मधल्या जागा खाते, त्यामुळे रेघांऐवजी छटा उमटतात. आकाश आणि संथ पाणी यांच्यासाठी याहून सोयीची रीत तेव्हा नव्हती. छापलेल्या प्रतीवर मग हाताने रंग भरत. डॅनियलांच्या चित्रांतली गंगा इतकी मऊ, इतकी शांत दिसते त्यात राळेच्या भुकटीचाही वाटा आहे. प्रत्यक्ष गंगा गढूळ असते आणि ऑगस्टमध्ये तर ती अजिबात शांत नसते.

कॅमेऱ्याबद्दल एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. घाट हलत नाही. तो पेटीत तासभर स्थिर राहतो आणि त्याची एकेक पायरी उतरवून घेता येते. नाव हलते. ती वेगळ्या रेखाटनातून, आठवणीतून, मागाहून चित्रात आणून बसवावी लागते. काशीच्या दशाश्वमेध घाटाचे डॅनियलांचे चित्र १७९६ मध्ये प्रसिद्ध झाले. काशीचे घाट मराठी वाचकाला परके नाहीत: दशाश्वमेधाच्या बांधणीत पेशव्यांचा आणि अहिल्याबाई होळकरांचा पैसा आहे, शेजारी अहिल्याबाईंच्या नावाचा घाट आहे, पुढे शिंद्यांचा आणि भोसल्यांचा. डॅनियलांच्या घाटांवरचे दगडकाम वास्तुतज्ज्ञ अजूनही पुरावा म्हणून वापरतात. समोरच्या पाण्यातल्या नावा मात्र चित्राचा तोल सांभाळण्याच्या कामावर आहेत. डावीकडे बुरूज जड झाला की उजवीकडे एक शीड. त्या काळच्या इंग्रजी अभिरुचीला ‘रम्य’ म्हणून जे हवे होते त्यात मोडका कमान-दरवाजा, एक वाकडे झाड आणि दूरवर पांढरे शीड हे ठरलेले होते. दोर ओढणारी माणसे त्यात बसत नव्हती. ती दिसली की प्रवास सुखाचा वाटेनासा होतो.

फ्रान्स बाल्थाझार सॉल्विन्सला ही अभिरुची जमली नाही, आणि त्याची किंमत त्याने पुरेपूर मोजली.

सॉल्विन्स अँटवर्पचा, जन्म १७६०. शेल्ड नदीवरचे ते बंदर. तिथे तो जहाजांची आणि बंदरांची चित्रे काढून नाव मिळवत होता. युरोपातल्या राजकीय उलथापालथीत त्याचे आश्रयदाते गेले आणि १७९१ मध्ये तो कोलकात्याला आला. तिथे इंग्रज साहेबांची चित्रे काढून पैसे मिळवावेत तर त्या धंद्यात आधीच गर्दी होती. सॉल्विन्स पालख्या आणि घोडागाड्या रंगवण्याच्या कामावर लागला. त्याच वेळी त्याने एक अफाट बेत आखला: बंगालमधले लोक, त्यांचे व्यवसाय, पोशाख, सण, वाद्ये, वाहने आणि नावा यांची अडीचशे कोरीव चित्रे, प्रत्येक पत्रा स्वतःच्या हाताने कोरलेला. १७९६ आणि १७९९ अशा दोन वेळा हा संग्रह कोलकात्यात निघाला आणि चालला नाही. रंग उदास होते, छपाई ओबडधोबड होती, आणि माणसे चित्राच्या अगदी पुढे उभी होती. लंडनमध्ये एडवर्ड ऑर्म या प्रकाशकाने १८०४-०५ मध्ये त्यातली साठ चित्रे परवानगीशिवाय गोड करून, रंग उजळून छापली. ती मात्र खपली! सॉल्विन्सने १८०८ ते १८१२ मध्ये पॅरिसला ‘ले झिंदू’ या नावाने चार अवजड खंडांत सगळे काम नव्याने कोरून काढले, फ्रेंच आणि इंग्रजी मजकुरासह. युद्धाचे दिवस होते आणि खंड महाग होते. त्यात त्याच्या बायकोचाही पैसा बुडाला.

या संग्रहात नावांसाठी वेगळे विभाग आहेत: सैरेच्या आणि प्रवासाच्या नावा एकीकडे, मालवाहू नावा दुसरीकडे. आणि इथे सॉल्विन्सचे अँटवर्पचे डोळे जागे होतात. बहुतेक नावा त्याने आडव्या, पूर्ण बाजूने दाखवल्या आहेत, म्हणजे नाळेपासून सुकाणूपर्यंत तिचा आकार वाचता येतो. मागे काठाची सपाट पट्टी, वर ढग, बाकी सगळी जागा नावेची. लोक कुठे बसतात, वल्हे कुठे टेकते, शीड कशाला बांधले आहे, हे समजल्याशिवाय त्याने रेघ ओढलेली नाही.

त्यातला बजरा सर्वांत ओळखीचा. निम्म्याहून अधिक लांबी खोल्यांनी व्यापलेली, खिडक्यांना झडपा, मागचा भाग उंच, वल्हेकरी पुढच्या उघड्या भागात आणि मांझी मागे छपरावर. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, जमीनदार, नवाब सगळे यातून फिरत. अवजड, हळू, आणि वारा सुटला की भीतिदायक. स्वयंपाक वेगळ्या, हलक्या नावेत होई. ती बहुधा पलवार, ढाक्याकडची, बजऱ्याच्या मागेपुढे राहणारी. सामानासाठी आणखी एक नाव. शंभर वर्षांनी रवींद्रनाथ शिलाईदहला ‘पद्मा’ नावाच्या ज्या घरनावेत राहिले आणि जिच्यातून त्यांनी पुतणीला पत्रे लिहिली, ती याच कुळातली. श्रीमंतांच्या हौसेसाठी मयूरपंखी होती, नाळेवर मोर. आणि फीलचेहरा, नाळेवर हत्तीचे तोंड. या नावा बघायला सुंदर आहेत, पण माझे मन मालवाहू विभागात रमते.

तिथे पटेला आहे. ही पाटण्याकडची, बिहारची नाव: सपाट तळ, रुंद पोट, आणि बाजूच्या फळ्या एकीवर एक चढवून ठोकलेल्या. बंगालच्या खालच्या भागात फळ्या कडेला कड लावून, लोखंडाच्या चपट्या आकड्यांनी एकमेकींना शिवत नेत. त्यामुळे अंग गुळगुळीत होई. पटेल्याचे अंग पायऱ्यापायऱ्यांचे दिसते. सॉल्विन्सने हा फरक चित्रात दाखवला आहे. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या निसर्गचित्रकारांपैकी फार थोड्यांना तो दिसला असेल. पटेल्यावर बांबू आणि गवताचे एक अवाढव्य छप्पर, छपरावर उभा मांझी, आणि मागे त्रिकोणी सुकाणू इतके मोठे की नाव त्याच्यासाठी बांधली की ते नावेसाठी असा प्रश्न पडावा. मोठ्या सुकाणूचे कारण आधी आलेच आहे. नाव जड, पाणी उथळ, आणि दोर सारखा काठाकडे ओढणारा. कापूस भरला की छपराच्या बाहेरपर्यंत गठ्ठे येत आणि नाव पाण्याच्या जेमतेम वर राही.

तिच्या शेजारी उलाक: टोकदार नाळ, गोलसर गुळगुळीत अंग, वाऱ्याला त्यातल्या त्यात जवळ चालणारी आणि दोराने ओढायलाही सोपी. बंगालच्या व्यापाऱ्यांची ती आवडती. दोन्ही नावा मालच वाहतात, पण एक वरच्या गंगेची आणि दुसरी खालच्या. सॉल्विन्सची चित्रे शेजारी ठेवली की नदीचा स्वभाव कुठे बदलतो हे नावेच्या पोटावरून कळू लागते.

याच विभागात एक गुराबही आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातले गुराब आणि गलबत हे शब्द मराठी इतिहासाच्या वाचकाला पाठ असतात. गुराबीचा तो पुढे झुकलेला, चोचीसारखा लांब पुढचा भाग डोळ्यांसमोर आणायचा असेल तर सॉल्विन्सचे कोरीव चित्र उपयोगी पडते. ते हुगळीवरचे आहे, कोकणातले नाही, आणि काळही आंग्र्यांच्या ऐन भराचा नाही. पण जहाजे ओळखणाऱ्या माणसाने प्रत्यक्ष बघून काढलेले आहे.

सॉल्विन्सवर भरवसा ठेवावा की नाही, याची परीक्षा पुढे झाली. बेसिल ग्रीनहिल हा ब्रिटिश अधिकारी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व पाकिस्तानात होता. पुढे तो ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाचा संचालक झाला. तिथल्या नद्यांवर त्याने शेकडो नावा पाहिल्या आणि १९७१ मध्ये पाकिस्तानच्या नावा आणि नावाड्यांवर पुस्तक लिहिले. आधी फळ्यांचे कवच बांधायचे आणि आतल्या फासळ्या मागाहून बसवायच्या, ही बांधणीची रीत त्याने कारागिरांच्या हाताखाली चालू असलेली पाहिली. युरोपातली जहाजे बांधताना उलट करत: आधी सांगाडा. टेक्सासचे रॉबर्ट हार्डग्रेव्ह यांनी २००१ मध्ये सॉल्विन्सच्या नावांवर स्वतंत्र ग्रंथ काढला, तेव्हा नावांच्या अभ्यासकांनी ती चित्रे या प्रत्यक्ष नोंदींशी ताडली. कोरीव चित्रे टिकली. ज्यांच्यावर ‘रूक्ष’ असा शिक्का बसला होता, तीच अठराव्या शतकातल्या बंगालच्या नावांची सर्वांत भरवशाची नोंद ठरली.

सॉल्विन्स १८१४ नंतर अँटवर्पला परतला आणि तिथल्या बंदराचा प्रमुख अधिकारी झाला. १८२४ मध्ये वारला. कलेने त्याला बुडवले, पण जहाजे ओळखण्याच्या गुणाने शेवटी पोटाला लावले.

त्याच सुमारास गंगेवर एक प्रचंड ताफा निघाला होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड मॉयरा, म्हणजे पुढे मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज, २८ जून १८१४ रोजी बायको-मुले, अधिकारी, शिपाई आणि नोकरचाकर यांच्यासह २२० नावा घेऊन वरच्या प्रांतांच्या दौऱ्यावर गेला. तारीख बघा: पावसाळ्याचा आरंभ. कोरड्या दिवसांत भागीरथीचा, म्हणजे हुगळीला गंगेशी जोडणाऱ्या प्रवाहाचा, वरचा फाटा मोठ्या नावांना पुरत नाही. तेव्हा सुंदरबनाला लांबचा वळसा पडतो. पावसात पाणी चढते आणि पूर्वेचा वाराही सुटतो. राज्यकर्त्यांनाही नदीच्या पंचांगाप्रमाणे चालावे लागे. वॉरन हेस्टिंग्जशी याचे नाते नाही, नावसारखेपणाने घोटाळा होतो. हा १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई संपवणारा हेस्टिंग्ज, ज्याच्या कारकिर्दीत दुसऱ्या बाजीरावाची रवानगी याच गंगेच्या काठी, बिठूरला झाली.

त्याच्याबरोबर सीताराम नावाचा एक बंगाली चित्रकार होता. ऑक्टोबर १८१५ पर्यंतच्या त्या प्रवासात त्याने दोनशेच्या वर मोठी जलरंगचित्रे केली. दहा चित्रसंग्रहांत बांधलेली ही चित्रे हेस्टिंग्जच्या घराण्याकडे पडून राहिली आणि ब्रिटिश लायब्ररीने १९९५ मध्ये विकत घेतली, तेव्हा कुठे सीताराम हे नाव कलेच्या इतिहासात आले. जेरेमिया लॉस्टी यांनी या चित्रांवर २०१५ मध्ये पुस्तक केले.

सीतारामने इंग्रजी जलरंगाची रीत पुरती आत्मसात केली होती: ओल्या कागदावर पसरणारे आकाश, खाली ठेवलेले क्षितिज, धुकट झाडी. काही ठिकाणी तो डॅनियलांपेक्षा सरस आहे, असे मी बेलाशक म्हणेन. त्याच्या नावा पाण्यावर बसतात. भरलेली नाव किती खाली जाते आणि रिकामी किती डुलते, हे वजन त्याच्या कुंचल्याला ठाऊक आहे, आणि ते कॅमेरा ऑब्स्क्युरातून मिळत नाही. काठावर चूल मांडलेले, धोतर वाळत घातलेले, नाव ढकलणारे लोक त्याने सहज, कसलाही ठसका न आणता रंगवले. साहेबाने सांगितले म्हणून त्याने थडगी आणि महाल रंगवले. नदीकाठची ही वर्दळ मात्र बहुधा कुणी सांगितलेली नसावी.

यानंतरची वर्षे लवकर उरकता येतात, कारण नदीनेही ती लवकर उरकली. १८२३ मध्ये हुगळीवर ‘डायना’ ही वाफेची बोट आली. १८३४ पासून अलाहाबादपर्यंत नियमित आगबोटी जाऊ लागल्या. त्याच वर्षी फॅनी पार्क्स ही उद्योगी बाई स्वतःची शिडाची नाव घेऊन यमुनेतून आग्र्याला निघाली होती. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्याशी तिचा स्नेह जुळला, मराठी पद्धतीने घोड्यावर बसण्याची तिने तारीफ केली, आणि पटेला नि उलाक यांचे चोख वर्णनही तिनेच लिहून ठेवले. १८३७ मध्ये गव्हर्नर जनरल ऑकलंड आणि त्याच्या बहिणी वर गेल्या त्या आगबोटीने ओढलेल्या तराफ्यासारख्या सपाट बोटीतून. दांडी गेले, धूर आला.

पण मालाच्या नावा इतक्या चटकन संपल्या नाहीत, आणि त्यांनी काय वाहिले हेही बघावे. वॉल्टर शेरविलने १८५० च्या सुमारास पाटण्याच्या अफूच्या कारखान्याची शिळाछापाची चित्रमालिका काढली. त्यातल्या एका चित्रात कोलकात्याकडे निघालेला अफूचा ताफा आहे. पुढे छोट्या डोंग्या, त्यांतले लोक पाण्याची खोली मोजतात आणि ढोल वाजवून इतर नावांना वाट सोडायला सांगतात; मागून शिडांची रांग; बाजूने लाकडाचे तराफे, नेपाळच्या जंगलातून आलेले, अफूच्या पेट्यांसाठी. नदी, शिडे, मोकळे आकाश. वर्षानुवर्षे ज्याला रम्य म्हटले त्या साच्यात हे चित्र अगदी चपखल बसते. पेट्यांत काय आहे ते चित्राखालचे नाव वाचल्यावर कळते. तो माल चीनला जायचा. माळव्याच्या अफूची दुसरी वाट मुंबई बंदरातून होती. तिथल्या कित्येक हवेल्या त्या पैशावर उभ्या राहिल्या.

१५ ऑगस्ट १८५४ रोजी हावडा ते हुगळी रेल्वे सुरू झाली आणि दशकभरात रूळ गंगेच्या काठाने वर गेले. प्रवासी नदी सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर चित्रकारही. पूर्व बंगालात मात्र रेल्वेला पाय ठेवायला कोरडी जमीन कमी. तिथे नावा राहिल्या, दोर राहिला.

ब्रह्मपुत्रेच्या काठी मैमनसिंगमध्ये वाढलेला झैनुल आबेदीन तिथलाच. जन्म १९१४ चा. कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत शिकत असताना त्याने ब्रह्मपुत्रेची जलरंगचित्रे केली आणि १९३८ मध्ये त्यांना अखिल भारतीय प्रदर्शनात राज्यपालांचे सुवर्णपदक मिळाले. ती चित्रे इंग्रजी जलरंगाच्या परंपरेतलीच, पाण्याने भरलेली, हळवी. मग १९४३ चा दुष्काळ आला. कोलकात्याच्या फुटपाथवर मरणाऱ्या माणसांची त्याची काळ्या शाईची रेखाटने जगभर गेली. त्यानंतर त्याला नदीकडे पूर्वीसारखे बघता आले नसावे. फाळणीनंतर तो ढाक्याला गेला, १९४८ मध्ये तिथे कलाशाळा उभारली आणि पुढच्या दशकात ‘गुणटाना’ हे चित्र काढले.

दोर ओढणारी माणसे आता चित्रभर आहेत. पाठी वाकलेल्या, पाय ताठ रोवलेले, रेषा लोककलेसारखी मोजकी आणि जाड. आकाश जवळजवळ नाहीच. आबेदीनने त्या दोरावर निबंध लिहिला नाही की इंग्रज चित्रकारांवर टीका केली नाही. त्याने फक्त काठावर, ओढणाऱ्यांच्या शेजारी उभे राहून चित्र काढले. डॅनियल नावेत बसून काठाकडे बघत होते. बघण्याची जागा बदलली की चित्रात काय मोठे आणि काय लहान हे सगळेच बदलते. मैमनसिंगला जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठी आबेदीनच्या चित्रांचे संग्रहालय १९७५ पासून आहे. डॅनियलांची मोठी तैलचित्रे बघायला कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल गाठावे लागते.

बांगलादेशात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून शेतकऱ्यांनी विहिरीवरच्या पाण्याच्या पंपाचे डिझेल इंजिन काढून नावेच्या मागे बसवायला सुरुवात केली. ‘शॅलो’ म्हणतात त्याला. पेरणीच्या दिवसांत तेच इंजिन शेतावर, पावसाळ्यात नावेवर. नावेचा सांगाडा पुष्कळदा जुनाच राहिला, पण शीड गेले, मोठे सुकाणू गेले, आणि दोर ओढायला माणसे लावण्याचे कारण उरले नाही. त्या इंजिनाचा आवाज भयंकर असतो आणि धूरही. नदीचे चित्र काढणाऱ्यांना ते आवडत नाही; ते अजून पांढरी शिडेच रंगवतात. मांझ्यांना मात्र त्या इंजिनाबद्दल तक्रार करताना फारसे कुणी ऐकलेले नाही.